‘सिस्टीम घेत नाही’

वाचकहो, हल्ली एक वाक्य आपणां सर्वांच्या कानांवर वरचेवर पडते. पोस्टात जावे, बँकेत जावे, रेशनच्या दुकानात जावे किंवा वीजबिलाच्या खिडकीशी उभे राहावे, पलीकडचा मनुष्य पडद्याकडे पाहतो, दोन-चार कळा दाबतो, मान हलवतो आणि म्हणतो, “सिस्टीम घेत नाही.” एवढे ऐकले की अलीकडचा मनुष्य निमूटपणे आपले कागद गोळा करतो आणि उद्या येतो म्हणून निघून जातो. माणसाने नकार दिला असता तर त्याने हुज्जत घातली असती, साहेबांना भेटतो म्हणाला असता. यंत्राने नकार दिल्यावर भांडायचे कोणाशी?

आम्ही स्वतः खिडकीच्या पलीकडच्या बाजूस बसणारे आहोत. बेळगावातील एका लहानशा सहकारी पतसंस्थेत आमची वीस वर्षे नोकरी झाली. हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकले आहे आणि त्याहून अधिक वेळा उच्चारले आहे. ते उच्चारताना आपण खरे बोलतो की खोटे, हा प्रश्न नोव्हेंबर २०२५ पर्यंत आमच्या मनास कधी शिवला नव्हता. तो उभा राहिला तो एका बाईच्या सातशे रुपयांमुळे. त्याचा विचार वाचकांबरोबर करावा म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. घराला जोते असते तशी संगणकाला एक मूळ कार्यप्रणाली असते. आपण ज्यात पत्र लिहितो किंवा जमाखर्च मांडतो ते सारे कार्यक्रम तिच्यावर उभे असतात. आपल्याकडील बहुतेक कचेऱ्यांत मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही प्रणाली असते. तिची दहावी आवृत्ती २९ जुलै २०१५ रोजी आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची नेहमीची देखभाल थांबली. देखभाल थांबली म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. तो चालतच राहतो; परंतु त्याच्या भिंतीत नव्याने सापडणारी भोके बुजवण्याचे काम थांबते. पैसे भरून ही मुदत काही काळ वाढवून घेण्याची सोय होती, पण ती तात्पुरतीच. अकरावी आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२१ पासूनच उपलब्ध होती. मात्र तिला संगणकात सुरक्षेची एक विशिष्ट सोय आणि बराच अलीकडचा प्रोसेसर असावा लागतो. त्यामुळे अनेक ठिकाणी नुसती प्रणाली बदलून भागले नाही, संगणकच नवे घ्यावे लागले. आमच्या संस्थेतही तसेच झाले. १ नोव्हेंबरच्या सुटीत तंत्रज्ञ येऊन सहा नवे संगणक जोडून गेला. त्या वेळी आमच्यापैकी कोणी तेथे नव्हते. त्याने आम्हांला काही विचारले नाही आणि आम्हीही त्याला काही विचारून घेतले नाही.

सोमवारी कामावर आलो तो आपल्याच घरात शिरल्यावर कोणी भांडी हलवून ठेवावीत तशी स्थिती झाली. डाव्या कोपऱ्यातील सुरुवातीचे बटण मध्यभागी सरकले होते. उजव्या कळीने उघडणारी यादी आखूड झाली होती आणि रोजच्या उपयोगाच्या काही गोष्टी ‘आणखी पर्याय’ अशा ओळीच्या मागे जाऊन बसल्या होत्या. जुना प्रिंटर आणि नवा संगणक यांची ओळख पटेना. सभासदांची नावे पूर्वी ज्या मराठी फाँटात भरली होती तो फाँट नव्या संगणकावर चढवायचा राहून गेला होता, म्हणून नावांच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसू लागली. जुन्या पद्धतीच्या फाँटांत मराठी अक्षर हे इंग्रजी अक्षराच्या घरात राहणारा भाडेकरू असते. फाँट गेला की घरमालक तेवढा दिसतो.

ज्यांना असा अनुभव नाही त्यांना हे सर्व क्षुल्लक वाटेल. बटण डावीकडे असले काय आणि मध्ये असले काय? पण एकच काम वर्षानुवर्षे करणाऱ्या माणसाचे ज्ञान डोक्यापेक्षा बोटांत अधिक असते. भाकरी थापणाऱ्या बाईला पाणी किती घालावे असे विचारले तर तिला माप सांगता येत नाही. हाताला ते ठाऊक असते. आम्ही मराठी टंकलेखन शिकलो ते टाइपरायटरवर. पुढे संगणक आला तेव्हा कळांची तीच मांडणी मिळाली म्हणून निभावले. नंतर १९८६ साली सरकारी पातळीवर ठरवलेली इनस्क्रिप्ट मांडणी आमच्या कचेरीपर्यंत पोहोचली आणि बोटांना दुसऱ्यांदा शाळेत घालावे लागले. आता हा तिसरा प्रवेश. चाळिशी उलटल्यावर पुन्हा पाटी घेऊन बसणे कोणाला आवडते?

परंतु मनाशी प्रामाणिक राहून सांगायचे तर दुःख गैरसोयीचे नव्हते, पत गेल्याचे होते. कालपर्यंत कचेरीतील लोक अडले की आमच्या टेबलाशी येत. आज एक साधी पावती छापताना आमचा घाम निघत होता. बुधवारी सकाळी व्यवस्थापकांनी सर्वांसमक्ष विचारले, “अजून हात बसला नाही का?” प्रश्नात कुत्सितपणा नव्हता. तरी तो शब्द दिवसभर सलत राहिला. त्याच मनःस्थितीत दुसरा दिवस उजाडला, गुरुवार, १३ नोव्हेंबर.

साडेअकराच्या सुमारास एक बाई खिडकीशी आली. ती खानापूर तालुक्यातील एका खेड्यातली, वीटभट्टीवर काम करणारी. तिचे आमच्याकडे पिग्मीचे खाते होते. रोजची थोडी थोडी रक्कम एजंट दारात जाऊन गोळा करतो, त्या ठेवीस आमच्या भागात पिग्मी म्हणतात. १९२८ साली उडुपीच्या एका बँकेने रोज दोन आणेसुद्धा स्वीकारण्याची ही पद्धत सुरू केली, आणि आमच्या सीमाभागात ती अशी रुजली की गरिबाची बचत म्हणजे पिग्मीच. बाईच्या खात्याची मुदत पुरी झाली होती. शिल्लक अकरा हजारांच्या आसपास होती. तिला त्यातले सहा हजार तीनशे रुपये हवे होते. पासबुक तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणले होते.

आम्ही खाते उघडले, रक्कम घातली, तारीख घातली. संगणकाने तारीख नाकारली. पुन्हा घातली, पुन्हा नाकारली. तिसऱ्यांदाही तेच. मागे चार-पाच माणसांची रांग होती आणि कोणीतरी घड्याळ पाहत होते. आम्ही पासबुक खिडकीतून परत सरकवले आणि म्हणालो, “सिस्टीम घेत नाही. सोमवारी या.” तिने एकदा पासबुकाकडे व एकदा आमच्याकडे पाहिले, पिशवीची गाठ मारली आणि ती गेली.

आता त्या वेळी काय काय शक्य होते ते सांगतो. आमच्या टेबलाच्या खणात छापील व्हाउचरांचे पुस्तक होते. हाताने व्हाउचर लिहून, सहीचा नमुना ताडून, व्यवस्थापकांची मान्यता घेऊन रोकड देता आली असती आणि नोंद मागाहून करता आली असती. संगणक येण्यापूर्वी सारा व्यवहार असाच चालत असे. दुसरे असे की शेजारच्या टेबलावर दोन वर्षांपूर्वी नोकरीस लागलेली एक मुलगी बसते. तिच्या संगणकावर त्या दिवशीच्या तारखा बरोबर उमटत होत्या, हे आम्हांला बसल्या जागेवरून दिसत होते. तिला एक हाक मारली असती तर पुरे होते. ती आम्ही मारली नाही. व्यवस्थापकांच्या खोलीतही गेलो नाही, कारण जाऊन ‘आम्हांला येत नाही’ असे म्हणावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने आमच्या टेबलाशी येऊन दोन मिनिटांत दोष काढला. नव्या संगणकात तारखेची मांडणी अमेरिकन पद्धतीची राहिली होती. त्या पद्धतीत आधी महिना आणि मग दिवस लिहितात. तेरावा महिना कोठेच नसतो, म्हणून तेरा तारीख घेतली जात नव्हती. देशाच्या नावापुढे भारत निवडले की काम झाले. पण त्याबरोबर दुसरीही गोष्ट उघडकीस आली. आधीच्या आठवड्यात ज्या दिवशी आमच्या संगणकाने कुरकुर न करता सर्व काही घेतले होते, त्या दिवसांच्या नोंदी चुकल्या होत्या. ४ नोव्हेंबरची नोंद ११ एप्रिलला गेली होती, १० नोव्हेंबरची ११ ऑक्टोबरला. ११ तारखेची तेवढी योगायोगाने बरोबर. म्हणजे ज्या दिवशी संगणक ‘घेत नाही’ म्हणाला, त्या दिवशी तो पहिल्यांदा आम्हांला सावध करीत होता. आणि ज्या दिवशी तो मुकाट्याने घेत होता, त्या दिवशी आम्ही निर्धास्तपणे चूक करीत होतो. मुलीने स्वतःच्या टेबलापुरती दुरुस्ती पहिल्याच दिवशी केली होती. मोठ्यांनी विचारल्याशिवाय त्यांना शिकवायला कसे जावे, असे तिला वाटले असावे.

सोमवारी बाई आली. दहा मिनिटांत तिला पैसे मिळाले, आणि या खेपेस तिने सात हजार काढले. सहज विचारले तेव्हा कळले की मुलीच्या परीक्षेचा अर्ज व फी भरण्याची मुदत शुक्रवारीच संपत होती. म्हणून गुरुवारी संध्याकाळी तिने गावातील एकाकडून सात हजार रुपये शेकडा दहा व्याजाने घेतले. एक महिन्याचे व्याज त्याने आधीच कापून ठेवले आणि हातावर सहा हजार तीनशे ठेवले. चार दिवसांत मुद्दल परत करायला ती निघाली होती, पण कापलेले सातशे परत येणार नव्हते. स्वतःचे पैसे आमच्या तिजोरीत पडलेले असताना तिला दुसऱ्याचे पैसे व्याजाने घ्यावे लागले. कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना साध्या सरकारी बसचे भाडे माफ झाले, त्यामुळे दोन खेपांचे भाडे वाचले. पण भट्टीवरची दोन दिवसांची हजेरी बुडाली. आम्ही काही बोलणार तोच तीच म्हणाली, “असू दे ओ साहेब. मशीनच चालंना, तर तुम्ही तरी काय करणार?”

वाचकहो, रागावली असती तर बरे झाले असते. तिने आमची कीव केली. जी क्षमा आम्ही मागितली नव्हती ती तिने देऊन टाकली, आणि तीही आमच्या खोट्यावर विश्वास ठेवून. आम्ही मान खाली घालून पुढच्या माणसाचे पासबुक घेतले. रविवारी व्यासपीठावर उभे राहून खरेपणाविषयी बोलणारे ते आम्हीच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आम्ही खोटे बोललो काय? कोणी म्हणेल, नाही. संगणक तारीख घेत नव्हता हे अक्षरशः सत्य होते. आम्हीही पहिले काही दिवस स्वतःची समजूत अशीच घातली. पण त्या दिवशी आम्ही दोन वाक्ये उच्चारली होती आणि त्यांच्यामध्ये एक न उच्चारलेला शब्द होता. ‘सिस्टीम घेत नाही, म्हणून आज पैसे मिळणार नाहीत.’ पहिले वाक्य खरे होते. खोटे त्या ‘म्हणून’ मध्ये होते. पैसे न मिळण्याचे कारण यंत्र नव्हते. कारण असे की आम्हांला येत नव्हते आणि येत नाही हे सांगण्याची लाज वाटत होती. खऱ्या शब्दांच्या आड उभे राहून खोटे बोलता येते, आणि ते उघड्या खोट्यापेक्षा अधिक टिकते, कारण ते कोणालाही पकडता येत नाही. बोलणाऱ्यालासुद्धा नाही.

यंत्रापूर्वीही कारकून अशी वाक्ये बोलतच होते. ‘साहेब रजेवर आहेत’, ‘वरून हुकूम नाही’, ‘फाईल सापडत नाही’ ही याच कुळातील. तथापि एक फरक आहे. साहेब कधीतरी परत येतात, फाईल हुडकता येते, हुकूम पाहायला मागता येतो. यंत्राकडे बोट दाखवले की पुढे कोणी विचारीत नाही. खिडकीबाहेरच्या माणसाला यंत्र दिसत नाही, दिसले तरी कळत नाही. जेथे दुसऱ्याला पडताळा पाहता येत नाही, तेथे आपल्यावरचा खरेपणाचा भार कमी होत नाही, उलट वाढतो. आंधळ्याला सुटे पैसे मोजून देणाऱ्याने डोळसापेक्षा अधिक काळजीने मोजले पाहिजे, तसेच हे.

मग दोष नव्या प्रणालीचा की काय? जुने ते बरे होते, उगाच बदलले, असे म्हणण्याचा मोह आम्हांलाही झाला. पण घडलेल्या दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा उपद्रवी कार्यक्रम जगभर पसरला. तो संगणकातील कागदपत्रांना कुलूप लावून खंडणी मागे. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ विभागीय संस्थांपैकी सुमारे ८० संस्थांच्या कामात त्याने व्यत्यय आणला. रुग्णांच्या हजारो भेटी रद्द झाल्या. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवण्याची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे दोन महिने आधीच, निघाली होती. अनेकांनी ती बसवली नव्हती, आणि काही ठिकाणी देखभाल संपलेल्या जुन्या प्रणाली चालूच होत्या. दुसरी गोष्ट नेमकी उलट. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षेच्या कार्यक्रमाची सदोष सुधारणा आपोआप पोहोचली आणि सुमारे ८५ लाख संगणक एकाएकी बंद पडले. विमानतळांवर गोंधळ झाला. तेव्हा हैदराबादसारख्या ठिकाणी प्रवाशांना विमानात चढण्याचे पास हाताने लिहून देण्यात आले.

पहिल्या घटनेत न बदलल्याने नुकसान झाले, दुसरीत बदलल्याने. तेव्हा नवे चांगले की जुने चांगले, या वादातून काही निष्पन्न होत नाही. बदल टाळता येत नाही, आणि बदल चुकणारच नाही अशी खात्रीही कोणाला देता येत नाही. दोन्ही प्रसंगी खरा प्रश्न असा की यंत्र अडले असता मनुष्य काय करतो. हाताने पास लिहून देणाऱ्या त्या कर्मचाऱ्यांनाही ‘सिस्टीम बंद आहे’ एवढे सांगून स्वस्थ बसता आले असते. त्यांनी पेन उचलले. आमच्याही खणात पेन होते.

येथे संस्थांविषयी, म्हणजे ज्यांच्या हुकमाने बदल होतो त्यांच्याविषयीही एक शब्द बोलला पाहिजे. सर्व भार खिडकीतल्या कारकुनावर टाकणे न्यायाचे नव्हे. आपल्या देशाने याहून कितीतरी मोठे बदल पचवले आहेत. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. एका आण्याचे सव्वासहा पैसे होत, म्हणजे प्रत्येक बाजारहाटात तुटक्या हिशेबाची कटकट. पण जुनी नाणी त्याच दिवशी रद्द केली नव्हती. काही वर्षे आणे आणि नवे पैसे बाजारात शेजारी शेजारी चालले, आणि लोकांचा हात बसल्यावर १९६४ मध्ये ‘नवे’ हा शब्दही गळून नुसते पैसे राहिले. वजनमापांचेही तसेच. १९५६ चा कायदा झाला, १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने आला, आणि मधल्या काळात शेर व तोळा यांनाही जागा होती. आजही आपण सोने तोळ्यात आणि जमीन गुंठ्यात बोलतो. बदल करणाऱ्यांनी त्या वेळी ओळखले होते की कायदा एका रात्रीत बदलता येतो, हात एका रात्रीत बदलत नाही.

आमच्या कचेरीत काय झाले? शनिवारी जुने गेले, सोमवारी नवे आले, मध्ये रविवार. एक जुना संगणक पंधरा दिवस बाजूला चालू ठेवला असता, एका दुपारी खिडकी बंद ठेवून सर्वांना शिकवले असते, आणि यंत्र अडले तर हाताने व्हाउचर करावे असा चार ओळींचा हुकूम काढला असता, तर पुढचे सारे टळले असते. नव्या संगणकांवर संस्थेने खर्च केला. शिकण्यास लागणाऱ्या वेळाचा खर्च कोणीच मांडला नाही. तो खर्च मग खिडकीबाहेरच्या माणसाच्या नावे पडला. बाईच्या सातशे रुपयांची नोंद आमच्या कोणत्याही खतावणीत नाही, पण तो आमच्या संस्थेच्या बदलाचाच खर्च होता.

अशा वेळी जुन्या आणि नव्या बुधल्यांचा दाखला देण्याची आपल्या मंडळींत वहिवाट आहे. तो बहुधा नव्याची बाजू घेणारे देतात. पण त्या दाखल्यातील काळजी केवळ द्राक्षारसाची नाही, बुधल्याचीही आहे. बुधला फुटू नये आणि द्राक्षारसही सांडू नये, असा त्याचा रोख. लूकच्या शुभवर्तमानात तर त्याला लागूनच जुना प्यालेल्या माणसाची नव्याविषयीची नाखुशी सांगितली आहे, आणि तिच्यावर राग धरलेला दिसत नाही. जुन्याला चिकटून राहणे हा मनुष्यस्वभाव आहे, त्यात पाप नाही. पण त्या नाखुशीची किंमत तिसऱ्यानेच मोजावी, हे मात्र अन्यायाचे आहे.

कोणी आक्षेप घेईल की पैशांच्या कचेरीतला माणूस ‘मला येत नाही’ असे बोलू लागला तर लोकांचा विश्वास कसा राहील? आक्षेप पोकळ नाही. आम्हांलाही हीच भीती होती. परंतु विश्वास दोन प्रकारचा असतो. एक, याला सर्व येते असा. दुसरा, याला येत नसेल तर हा तसे सांगेल असा. पहिला विश्वास दर पाच-दहा वर्षांनी नवी प्रणाली येऊन मोडणारच. कारण सर्व काही येणारा मनुष्य यापुढे कोणत्याही कचेरीत फार काळ राहणार नाही. दुसरा विश्वास कोणत्याही प्रणालीला मोडता येत नाही. तो आपणच मोडला तर मोडतो. आम्ही पहिला वाचवण्यासाठी दुसरा खर्च केला, आणि तो व्यवहार तोट्याचा ठरला.

हे सर्व विचार सुचले ते पुष्कळ उशिरा. डिसेंबरच्या एका शनिवारी दुपारी, कचेरी सुटल्यावर, पिग्मीच्या एजंटाला बरोबर घेऊन आम्ही त्या बाईच्या गावी गेलो. पाकिटात सातशे रुपये होते. ती अंगणात भांडी घासत होती. आम्हांला पाहून प्रथम घाबरली. खात्यात काही घोटाळा झाला की काय असे तिला वाटले. आम्ही उभ्याउभ्याच सांगितले की त्या दिवशी मशीन बंद नव्हते, आम्हांला ते चालवता येत नव्हते, आणि पैसे हाताने लिहूनही देता आले असते. बोलून झाल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मग तवाच सांगायचं की ओ. मी बसलो असतो की बाकावर सांजपर्यंत.” आमच्या भागात बायकाही ‘मी आलो, मी बसलो’ असेच बोलतात.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच आश्चर्य वाटले होते. एवढी साधी गोष्ट हे शिकलेले लोक का सांगत नाहीत, एवढेच तिला कळत नव्हते. खरे सांगितले असते तर तिला थांबण्याचा मार्ग मोकळा होता. थांबावे की जावे हे तिने ठरवले असते. आम्ही यंत्राचे नाव पुढे केले आणि तो निर्णय तिच्या हातून काढून घेतला. खोट्याने नुसती माहिती चुकीची जात नाही, दुसऱ्याचा मार्ग बंद होतो, हे आम्हांला त्या अंगणात समजले.

पाकीट तिने घेतले, उघडले, नोटा मोजल्या आणि कनवटीला लावल्या. उपकार म्हणून नव्हे, येणे म्हणून. चहा घेऊन आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर लक्षात आले की बुडालेल्या दोन दिवसांच्या हजेरीचे पैसे पाकिटात नव्हते. स्वतःच्या चुकीचा हिशेबसुद्धा मनुष्य स्वतःच्या सोयीने मांडतो. ते पैसे पुढच्या आठवड्यात एजंटाबरोबर पाठवले.

आता आमच्या खिडकीत काय बदलले आहे? संगणक अजून अधूनमधून अडतो. आमची बोटेही अडतात, पूर्वीपेक्षा कमी. व्हाउचरांचे पुस्तक खणातून टेबलावर आले आहे. शेजारच्या मुलीला हाक मारण्याची सवय झाली आहे, आणि तिलाही न विचारता उठून येण्याची. व्यवस्थापकांना आम्ही सर्व हकीकत सांगितली. पुढच्या बदलाच्या वेळी जुना संगणक काही दिवस बाजूला चालू ठेवण्याचे त्यांनी मान्य केले आहे. आणि जेव्हा एखादी गोष्ट जमत नाही तेव्हा आम्ही म्हणतो, “मला हे नवे आहे, थोडा वेळ लागेल. घाई असेल तर हाताने लिहून देतो.” आश्चर्य असे की आजवर एकही माणूस यावर रागावला नाही. बहुतेक जण बाकावर जाऊन बसतात.

वाचकहो, आपणांपैकी अनेक जण कोठे ना कोठे खिडकीच्या आत बसत असतील. कोणी शाळेच्या कचेरीत, कोणी दवाखान्यात, कोणी सरकारी खात्यात. नव्या प्रणाली येतच राहतील आणि प्रत्येक वेळी आपण काही दिवस अडाणी ठरू. त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. पण ‘सिस्टीम घेत नाही’ हे वाक्य ओठांवर आले की क्षणभर थांबावे आणि स्वतःला विचारावे, सिस्टीम घेत नाही, की आपण घेत नाही? उत्तर दुसरे असेल, तर समोरच्या माणसाला ते ऐकण्याचा हक्क आहे. तो थांबायला तयार असतो.